किरात, नात, तकरीर, बैतबाजी : आंतरशालेय स्पर्धेला जाण्याआधी हे शब्द पक्के करा

रबीउल अव्वल (पैगंबरसाहेबांच्या जन्माचा हिजरी महिना) जवळ आला की मिरज, सांगली, कराड, सातारा, फलटण इकडच्या उर्दू शाळांत आणि मक्तबांत स्पर्धांची पत्रकं येऊ लागतात. किरात (कुराणाचं नियमबद्ध वाचन), हिफ्ज (कुराणाचं पाठांतर), नात (पैगंबरसाहेबांची स्तुती), तकरीर (भाषण), बैतबाजी (शेरांची अंताक्षरी), प्रश्नमंजुषा, खुशखती (सुलेखन) अशा सगळ्यांची नावं एकाच कागदावर असतात. मुलं तयारी मनापासून करतात, पण परीक्षकाच्या कागदावर 'लहने जली', 'वक्फ गलत', 'मद कम' असं काही लिहिलेलं दिसलं की गुण का गेले हे त्यांना कळत नाही. हे शब्द व्याख्या म्हणून पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक शब्द तोंडात, श्वासात किंवा हातात काय करायला सांगतो ते समजलं पाहिजे. म्हणून इथं शब्दाबरोबर तो कुठं चुकतो आणि का चुकतो हेही दिलं आहे.

किरातीसाठी प्रयोगशाळा म्हणून सूरे फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, घ्या. सात आयती, सगळ्यांना पाठ, आणि तजवीदचे (शुद्ध वाचनाच्या शास्त्राचे) निम्मे नियम त्यात सापडतात.

मखरज : अक्षर निघतं ती जागा

तजवीदचे जुने जाणकार इब्न अल-जझरी यांच्या मोजणीप्रमाणे मखरज 17 आहेत आणि ते पाच भागांत येतात : तोंडाची पोकळी, घसा, जीभ, ओठ आणि नाकाचा आतला भाग. आकडा प्रश्नमंजुषेत विचारतात. किरातीत मात्र आपल्या भागातल्या मुलांचं नुकसान चार-पाच ठरावीक जागीच होतं.

पहिली जागा बडा क़ाफ. घरी दखनी बोलणारी मुलं क़ाफचा उच्चार घशात घासून 'ख़' असा करतात. 'क़लम'चं 'ख़लम' रोजच्या बोलण्यात चालून जातं, तिलावतीत (कुराण वाचताना) चालत नाही. मराठी माध्यमातली मुलं उलट करतात, ती साधा 'क' लावतात. सूरे इख्लासच्या पहिल्याच शब्दात, 'क़ुल'मध्ये, क़ाफच्या जागी छोटा काफ आला तर 'सांगा'चा अर्थ 'खा' असा होतो. जिभेचं मूळ पडजिभेजवळच्या मऊ टाळूला पूर्ण टेकवून सोडायचं. हवा घासत बाहेर आली की तो ख़े झाला असं समजा.

दुसरी जागा बडी हे. 'अलहम्दु'मधली हे घशाच्या मधल्या भागातून येते, 'अलैहिम'मधली छोटी हे घशाच्या तळातून. दोन्ही शब्द पाठोपाठ दहा वेळा म्हणा आणि गळ्यावर बोट ठेवून फरक जाणवतो का पाहा.

तिसरी जागा 'ज'चं घराणं. मराठीत 'जग' म्हणताना जीभ दातामागे टेकते आणि मग सुटते. ती सवय ज़े, ज़ाल आणि ज़ोयमध्ये शिरते. ज़ेमध्ये जीभ टेकून हवा अडवायची नाही, आवाज सलग वाहिला पाहिजे. ज़ाल आणि ज़ोयमध्ये जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागतं, त्यातला ज़ोय जाड. ज़ादचं काम वेगळं आहे : जिभेची कड वरच्या दाढांना लागते. 'मग़ज़ूब' आणि 'ज़ाल्लीन' या दोन्ही शब्दांत ज़ाद आहे, म्हणजे फातिहाच्या शेवटच्या आयतीत परीक्षक ते दोनदा तपासतो.

वाव हाही फसवा. मराठी 'व' बोलताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. अरबी वावसाठी दोन्ही ओठ गोल करायचे, दातांचा संबंध नाही. फे मात्र दात आणि ओठ यांच्यातूनच निघतो, 'फळ'मधल्या फसारखा दोन ओठांतून नाही. अल्लाह या नावातला लाम आधी जबर ('अ'ची खूण) किंवा पेश ('उ'ची खूण) असेल तर जाड होतो, जेर ('इ'ची खूण) असेल तर बारीक ('बिस्मिल्लाह'). जाड लाम म्हणजे 'ळ' नव्हे. जीभ मागे वळवू नका, फक्त मागचा भाग उचला.

म्हणूनच आयती देवनागरीत लिहून पाठ करू नका. से, सीन, साद तिन्हींसाठी आपण 'स' लिहितो, आणि एकदा त्या 'स'वर पाठांतर पक्कं झालं की महिनाभराने ते मोडून काढणं नव्याने शिकण्यापेक्षा अवघड जातं.

लहने जली, लहने खफी

गुणपत्रिकेवरचे हे सर्वांत महागडे शब्द. लहन म्हणजे वाचनातली चूक. अक्षर बदललं, वाढलं, गळलं किंवा जबर-जेर-पेश बदलली तर ती लहने जली, उघड चूक. 'अन्अम्त'च्या शेवटच्या 'ते' या अक्षरावरचा जबर बदलून पेश झाला तर 'तू कृपा केलीस'चं 'मी कृपा केली' होतं. 'इय्याक'ची तश्दीद (अक्षर दुहेरी म्हणायची खूण) सुटली तरी तीच गत. गुन्ना (नाकात घुमणारा आवाज) तोकडा राहिला, रे जाड व्हायला हवा होता तो बारीक झाला, अशा चुका लहने खफीत येतात. त्या जाणकाराच्या कानालाच कळतात. जलीचे गुण नेहमी जास्त कापले जातात, त्यामुळे वेळ कमी असेल तर आधी जली शून्यावर आणा आणि मग आवाजाच्या सौंदर्याकडे वळा. मुलं नेमकं उलट करतात.

नून साकिन आणि तनवीनचे चार हुकूम

नूनवर जझम (स्वर नसल्याची खूण, असं अक्षर म्हणजे साकिन) असेल किंवा दोन जबर, दोन जेर, दोन पेश (म्हणजे तनवीन) असतील, तर पुढचं अक्षर पाहून चारपैकी एक हुकूम लागतो.

इझहार : पुढे घशातल्या सहापैकी अक्षर (हमजा, छोटी हे, ऐन, बडी हे, ग़ैन, ख़े) असेल तर नून स्वच्छ, गुन्ना न ओढता. 'अन्अम्त'मध्ये नूननंतर ऐन आहे, तिथं मुलं नाकात रेंगाळतात.

इदगाम : पुढे 'यरमलून'मधलं अक्षर आलं तर नून त्यात मिसळतो. ये, नून, मीम, वाव असतील तर गुन्न्यासकट ('मन यकूलु'चं 'मय्यकूलु'), लाम आणि रे असतील तर गुन्न्याशिवाय. हा नियम दोन शब्दांच्या सांध्यावरच लागतो. 'दुन्या' एकच शब्द आहे, तिथं नून स्वच्छच राहतो. 'दुय्या' ऐकलं की परीक्षकाचं पेन चालतं.

इक्लाब : पुढे बे आला तर नूनचा मीम होतो, 'मिन बअदि' हे 'मिम बअदि' असं वाचायचं. छापील कुराणात तिथं बारीक मीम दिलेला असतो.

इख्फा : उरलेली 15 अक्षरं. इथं जीभ टाळूला न टेकवता आवाज नाकात दोन हरकतींएवढा (एक हरकत म्हणजे बोट मिटायला लागतो तेवढा वेळ) धरायचा. मराठी मुलांसाठी खास धोका असा की आपण 'संसार' म्हणताना अनुस्वारात हलका 'व' आणतो. तोच 'व' 'इन्सान'मध्ये येतो आणि 'इंव्सान' होतं. आरसा समोर धरून म्हणा. सीन येण्याआधी ओठ गोल झाले तर चुकलं.

मीम साकिनचे हुकूम तीन : पुढे मीम असेल तर इदगाम, बे असेल तर इख्फा, बाकी सगळीकडे इझहार. 'अलैहिम वलज़्ज़ाल्लीन'मध्ये मीमनंतर वाव येतो आणि दोन्ही ओठांचीच अक्षरं असल्यामुळे मुलांचा मीम चुकून वावमध्ये बुडतो. तिथं ओठ पूर्ण मिटून मगच गोल करा.

कल्कला म्हणजे क़ाफ, तोय, बे, जीम, दाल ही पाच अक्षरं साकिन असताना येणारा झटका. सूरे इख्लासची प्रत्येक आयत दालवर थांबते, त्यामुळे लहान गटात हीच सूरत जास्त ऐकायला मिळते आणि चूकही तीच : 'अहद'चं 'अहदा' होतं. झटका द्या, पण त्याला स्वर जोडू नका.

मद मोजायची कशी

मद म्हणजे लांब ओढलेला स्वर, आणि हरकत हे त्याचं मोजमाप. बोट सहज मिटायला किंवा उघडायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक हरकत; आपल्याकडचे हाफिजसाहेब अलिफात मोजतात, एक अलिफ म्हणजे दोन हरकती. 'मद्दे असली' म्हणजे मूळ मद, ती दोन हरकती. मदच्या अक्षरानंतर त्याच शब्दात हमजा आला तर मद्दे मुत्तसिल, पुढच्या शब्दात आला तर मद्दे मुनफसिल. दोन्ही साधारण चार ते पाच. मदनंतर पक्का जझम किंवा तश्दीद असेल तर मद्दे लाजिम, सहा. 'ज़ाल्लीन'चा 'ज़ा' असा सहाचा आहे, आणि त्यानंतर लामवरची तश्दीद दाबून म्हणायची असते. मुलं मद ओढतात आणि तश्दीदपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा श्वास संपतो. आयतीच्या शेवटी थांबल्यामुळे तयार होते ती मद्दे आरिज ('नस्तईन'). ती दोन, चार, सहा कितीही चालते, अट एकच : पहिल्या आयतीला जितकी घेतली तितकीच शेवटपर्यंत. पहिल्या आयतीला सहा आणि दम लागल्यावर दोन, ही लगेच दिसणारी गफलत आहे.

मिरजेच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तंबोरे घडवणारं हे गाव, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार. कानावर सूर पडलेला असतो, आणि ती देणगीच आहे. पण तिलावतीत लहजा (सूर) तजवीदच्या मागून चालतो. तानेसाठी मद सहाची आठ झाली किंवा जिथं मद नाहीच तिथं स्वर लांबला, तर गोड आवाजालाही गुण मिळत नाहीत. सुराची हौस नातीत पुरवा.

वेगाचे शब्दही पत्रकात येतात : हद्र म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या तरावीह नमाजेत ऐकतो ती जलद गती, तदवीर मध्यम, तरतील संथ. हुकूम तिन्हींत तेच राहतात.

वक्फ : कुठं थांबायचं

आपल्याकडच्या छापील कुराणात ओळीवर बारीक अक्षरं असतात. मीम म्हणजे वक्फे लाजिम, थांबायलाच हवं. तोय म्हणजे मुतलक, थांबणं चांगलं. जीम म्हणजे जायज. ज़े आणि साद असतील तर न थांबणं बरं, दम संपला तरच थांबा. 'ला' दिसला की थांबू नका. तीन-तीन ठिपके जवळजवळ दोन ठिकाणी दिसले तर ते मुआनका : दोन्हींपैकी एकाच जागी थांबायचं. 'सकता' म्हणजे श्वास न तोडता क्षणभर आवाज थांबवणं. हफ्स यांच्या रिवायतीत (वाचनाच्या परंपरेत) असे सकते चार आहेत, सूरे कहफ, यासीन, कियामा आणि मुतफ्फिफीनमध्ये. यासीन अनेकांना पाठ असते, म्हणून तिच्या 52व्या आयतीतला सकता हमखास तपासला जातो.

थांबताना शब्दाचं शेवटचं रूप बदलतं. जबर, जेर, पेश गेली आणि अक्षर साकिन झालं. दोन जबर असतील तर अलिफ उरतो, सूरे नस्रमध्ये 'अफ्वाजन'चं 'अफ्वाजा' होतं. गोल तेची हे होते, 'अलक़ारिअतु' थांबल्यावर 'अलक़ारिअह'. मधेच दम तुटला तर जिथं सुटलं तिथून पुढे जाऊ नका. एक-दोन शब्द मागे येऊन अर्थ जुळेल असं उचला. याला इआदा म्हणतात आणि नीट केला तर सहसा नुकसान होत नाही. चुकीचा वक्फ किती बिघडवतो हे सूरे निसाच्या 43व्या आयतीत दिसतं : 'नमाजजवळ जाऊ नका' इथंच थांबलात तर 'नशेत असताना' हा पुढचा भाग तुटतो आणि हुकूमच उलटा होतो.

मोबाइलवर दिसणाऱ्या मदीना छापाची चिन्हं वेगळी आहेत. पाठांतर शाळेत एका छापावर आणि घरी दुसऱ्यावर असं करू नका. हाफिजी प्रत (पाठांतरासाठीची कुराणाची प्रत) घेतली असेल तर तीच शेवटपर्यंत. आयत पानावर कुठं आहे हे डोळ्याला आठवतं आणि अडल्यावर तेच कामी येतं.

हिफ्जच्या फेरीतले शब्द

सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचं, आमोख्ता किंवा दौर म्हणजे जुनं सगळं. फेरीत परीक्षक एक आयत वाचतो आणि 'आगे पढिए' म्हणतो. अडलात तर तो पुढचा शब्द देतो, तो लुकमा. प्रत्येक लुकम्याचे गुण जातात, पण अडखळून चार वेळा मागेपुढे करण्यापेक्षा दोन सेकंद शांत राहून आठवणं केव्हाही चांगलं. घसरण होते ती मुतशाबिहात आयतींवर, म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या. सूरे रहमानमध्ये 'फबिअय्यि आलाइ'ची आयत 31 वेळा येते, मुर्सलातमध्ये 'वैलुंय यौमइज़िन' 10 वेळा. इथं गाडी एका रुकूतून (सूरतीच्या भागातून) दुसऱ्यात जाते. उपाय : एकसारख्या आयती वहीत समोरासमोर ठेवून प्रत्येकीच्या पुढच्या आयतीचा पहिला शब्द लाल पेनने लिहा आणि फक्त ती सांध्याची जागा रोज म्हणा.

किरातीसाठी स्वतः भाग निवडायचा असेल तर सज्द्याची आयत (जी वाचल्यावर सज्दा करायचा असतो ती) येणार नाही असा घ्या. आणि पाठ फिरवताना लक्षात ठेवा : हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत (धर्मनियमांच्या परंपरांत) सज्दे 14च, पण सूरे हजचा दुसरा सज्दा शाफईंकडे मोजतात, हनफींकडे नाही, सूरे सॉदचा हनफींकडे आहे. कोकणातून आलेले स्पर्धक बहुधा शाफई असतात. प्रश्नमंजुषेत यावरून वाद होतो, म्हणून उत्तर देताना मसलक सांगून उत्तर द्या.

नात आणि तकरीर

अल्लाहची स्तुती हम्द, पैगंबरसाहेबांची नात, सहाबा किंवा बुजुर्गांची मनकबत, दुआच्या स्वरातली मुनाजात. नातीच्या स्पर्धेत मनकबत म्हटली तर कितीही सुरेल असली तरी ती बाद ठरते. कलाम निवडताना शेवटच्या शेरापर्यंत वाचून घ्या, कधी नातीच्या मधेच शेर मनकबतीकडे वळतो. मतला (पहिला शेर) आणि मकता (शायराचं नाव येतो तो शेवटचा) दोन्ही घ्या; वेळ कमी असेल तर मधले शेर गाळा. सिनेमाच्या चाली टाळा, बहुतेक पत्रकांत तशी अट असतेच. तलफ्फुज म्हणजे उच्चार आणि तरन्नुम म्हणजे चाल, यांचे गुण वेगवेगळे असतात.

तकरीरीत मौजू म्हणजे विषय, तमहीद म्हणजे प्रस्तावना, हवाला म्हणजे आधार. पाच मिनिटांसाठी 500 ते 550 शब्द पुरे, त्यापेक्षा लांब लिहिलं की शेवट घाईत जातो. पहिली घंटा इशाऱ्याची, दुसरी थांबण्याची. पहिल्या घंटेला कोणत्या वाक्यावर उडी मारायची ते आधीच ठरवून कागदावर खूण करा. हदीसचा हवाला देताना संग्रहाचं नाव सांगा, ती सहीह (पक्की), हसन (चांगली) की जईफ (कमकुवत) हे मौलानांना विचारून ठेवा. सोशल मीडियावर फिरणारी हदीस तपासल्याशिवाय व्यासपीठावर नेऊ नका, हे फक्त गुणांसाठी सांगत नाही.

पैगंबरसाहेबांच्या नावानंतर 'सल्लल्लाहु अलैहि वसल्लम', इतर नबींनंतर 'अलैहिस्सलाम', सहाबांनंतर 'रज़ियल्लाहु अन्हु'. हजरत खदीजा, हजरत आयशा यांच्यासाठी 'अन्हा', अनेकांसाठी 'अन्हुम'. पाठ केलेल्या भाषणात सगळीकडे 'अन्हु' बसतं आणि परीक्षक ते लगेच टिपतो. मराठीत तकरीर करणाऱ्यांनी हे शब्द अरबीतच ठेवावेत, बाकी मराठी स्वच्छ मराठी असू द्यावी. निम्मं वाक्य उर्दू आणि निम्मं मराठी झालं तर दोन्हीकडचे गुण जातात.

बैतबाजी

समोरच्या संघाच्या शेराचं शेवटचं अक्षर घेऊन आपला शेर सुरू करायचा. शेर म्हणजे दोन मिसरे. एकच मिसरा म्हटला तर तो धरत नाहीत. वजन तुटलेला, म्हणजे शब्द मागेपुढे झालेला शेरही बाद. उर्दू गझलांचे शेर 'है', 'थे', 'से'वर फार संपतात, म्हणून तुमच्यावर ये सतत येणार. 'ये', 'यूं', 'यही', 'या'ने सुरू होणारे किमान 25 शेर प्रत्येकाकडे वेगळे हवेत. 'में', 'नहीं', 'हूं' यांचा नून-गुन्ना नून म्हणूनच मोजतात. ड़ेवर संपलेला शेर दिला तर पुढं काय, हे सुरुवातीलाच पंचांना विचारा, कारण ड़ेने शब्दच सुरू होत नाही. वही अक्षराप्रमाणे लावा, शायराप्रमाणे नाही. एकदा म्हटलेला शेर पुन्हा चालत नाही, तेव्हा संघातल्या एकाने फक्त टिपण्याचं काम करावं.

प्रश्नमंजुषेबद्दल थोडक्यात : हिजरत 622, बद्र 2 हिजरी, उहुद 3, खंदक 5, हुदैबिया 6, मक्का विजय 8, हज्जतुल विदा 10. मक्की आणि मदनी यांची विभागणी हिजरतीच्या आधी-नंतर अशी आहे, गावावरून नाही. हिजरतीनंतर मक्केत उतरलेली आयतही मदनीच. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का, हे ऐकल्याशिवाय बझर दाबू नका.

खुशखती

नस्ख कुराणाच्या छपाईचं वळण, नस्तालीक उर्दूचं, सुलुस मोठ्या मथळ्यांचं. पत्रकात कोणतं मागितलंय ते वाचा. माप नुक्त्यांनी घेतात : बोरूच्या टोकाने तिरका चौकोनी ठिपका काढायचा, नस्तालीकमध्ये अलिफ अशा 3 नुक्त्यांएवढा, नस्खमध्ये साधारण 5. टोकाचा तिरका काप म्हणजे कत. टोक बोथट झालं की जाड-बारीक फरक जातो, म्हणून दोन बोरू कापूनच न्या. ड्रॉइंगच्या खरखरीत कागदावर शाई फुटते, चकचकीत आर्ट पेपर घ्या. उजवीकडून डावीकडे लिहिताना उजव्या हाताचं मनगट ओल्या शाईवरून जातं, हाताखाली कोरा कागद ठेवा. आयत लिहिली असेल तर सजावटीआधी प्रत्येक नुक्ता आणि तश्दीद मूळ प्रतीशी ताडून पाहा. नक्षी सुंदर आणि एक नुक्ता गळालेला, अशा चौकटीला बक्षीस मिळत नाही.

स्पर्धेच्या दिवशी

मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रवेशिका, बोनाफाईड आणि जन्मतारखेचा पुरावा आदल्या रात्री एकाच फाइलमध्ये ठेवा. गट इयत्तेवर आहे की वयावर ते पाहा, दोन्ही वेगळे निघू शकतात. वुजू घरूनच करून निघा, मोठ्या हॉलमध्ये नळावर रांग असते. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला; समोर धरला तर बे आणि मीमचा फटका बसतो आणि गुन्ना घुमतो. बर्फाचं पाणी नको, कोमट पाणी बरोबर ठेवा. नाव पुकारल्यावर तअव्वुज ('अऊज़ु बिल्लाह'), तस्मिया ('बिस्मिल्लाह') आणि मग तिलावत. सूरे तौबाच्या सुरुवातीपासून वाचणार असाल तर तस्मिया नाही. निकालावर हरकत असेल तर ती शिक्षकांनी, लेखी, बक्षीस वाटपाच्या आधी द्यायची. आणि गुणपत्रिका बघायला मिळत असेल तर तिचा फोटो काढून हाफिजसाहेबांकडे न्या, कोणत्या आयतीवर काय लिहिलंय ते त्यांच्याकडून त्याच आठवड्यात समजून घ्या.